अंगठा उठेना

आमच्या ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात मी संगणक चालवतो. दाखले, उतारे, फॉर्म आणि वर्षातून एकदा निराधार योजनेतल्या म्हाताऱ्या माणसांची हयात. हयात म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे त्यांनी स्वतः येऊन, मशीनवर अंगठा ठेवून सांगायचं. हिरवा दिवा लागला की माणूस जिवंत आणि त्याचा पगार, म्हणजे योजनेचे महिन्याचे पैसे, चालू. लाल लागला की मी म्हणायचो, "आजी, हात स्वच्छ धुऊन उद्या या." दहा वर्षांत हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. मान वर न करता म्हणायचो, एवढं मात्र मला पक्कं आठवतं.

एक आजी दोन वर्षांपूर्वी सलग तीन दिवस आली होती. नवऱ्याबरोबर आणि त्याच्या मागंही उभा जन्म ऊस तोडलेला, त्यामुळं अंगठ्यावर रेषा म्हणून उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी ओरडलोच तिच्यावर. ओसरीवर बसून तिनं फडक्यातली भाकरी खाल्ली आणि निघून गेली. तिचा पगार पुढं तीन-चार महिने बंद राहिला. मला त्याचं काहीही वाटलं नाही, कारण मशीन माझं नव्हतं आणि अंगठाही माझा नव्हता.

त्यानंतर सहा-सात महिन्यांत मला आतड्याचा कॅन्सर निघाला. वय बेचाळीस. ऑपरेशन बार्शीला झालं. गावात आम्ही सांगितलं की आतड्यात गाठ होती, काढून टाकली. खोटं नव्हतं ते. पण गाठ कसली होती हे सांगितलं नाही. मी कंत्राटी माणूस, आजारी माणसाची खुर्ची कोण किती दिवस रिकामी ठेवणार? नेकनूरपासून लिंबागणेशपर्यंत संगणक शिकून घरी बसलेली पोरं ढिगानं आहेत.

ऑपरेशननंतर औषध द्यायचं ठरलं तेव्हा मी डॉक्टरांना म्हणालो, सलाइन नको, गोळ्यांवर भागत असेल तर गोळ्या द्या, मला कामावर जायचंय. ते तयार झाले. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचं, असे आठ फेरे. हातापायाची कातडी सोलेल, म्हणाले, मलम लावा, फार झालं तर मला कळवा, डोस कमी करू. मी मान डोलावली. डोस कमी म्हणजे औषध कमी, म्हणजे आपण कच्चे पडलो, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

पहिले दोन फेरे बरे गेले. तपासणीच्या दिवशी पहाटेची गाडी धरून मांजरसुंब्याला जायचं, तिथून बार्शी, आणि दुसऱ्या दिवशी दहाला खुर्चीवर. बायको म्हणायची, एक दिवस तरी पड. मी म्हणायचो, पडलो की लोक विचारतात. तिसऱ्या फेऱ्यात तळहात लालभडक झाले. चहाचा ग्लास धरवेना, चपलेत पाय घालवेना. चौथ्या फेऱ्यात बोटांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायला लागली आणि एका सोमवारी सकाळी मशीननं माझ्याच अंगठ्याला लाल दिवा दाखवला.

आमच्याकडं रोज सकाळी आधी चालकाचा अंगठा, मग गावाचं काम. माझा अंगठा उठला नाही तर ते मशीन म्हणजे नुसता डबा. मी म्हाताऱ्यांना सांगत आलेले सगळे उपाय स्वतःवर केले. हात धुतले. ओल्या फडक्यावर बोट दाबलं. केसातून फिरवलं, म्हणजे तेल लागतं. उजव्या हाताची करंगळीशेजारचं बोट चार दिवस चाललं. मग डाव्या हाताची करंगळी दोन दिवस. मग दहाही बोटं संपली.

ते दिवस नेमके हयातीचे होते. ओसरीवर वीसेक म्हातारी माणसं बसलेली. मी बाहेर येऊन म्हणालो, "आज काम होणार नाही. माझाच अंगठा उठत नाहीये." आईला घेऊन आलेला माझा एक वर्गमित्र म्हणाला, "काय बे, लोकायचे अंगठे तपासता तपासता तुजाच गेला का?" सगळे हसले. आणि कोपऱ्यातून ती ऊसतोडीवाली आजी म्हणाली, "मंग हात धुऊन तू बी उद्या ये, लेकरा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिलाच मोठी गंमत वाटून ती तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र अशी लाज वाटली की आत जाऊन मी उगाच संगणकावरची धूळ पुसत बसलो.

बाकीचे गेले तरी ती थांबली होती. आत येऊन तिनं माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. "माजा तर ऊस तोडून गेला. तुजा कावून गेला रे?"

मी सांगून टाकलं. सख्ख्या चुलत्याला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. कॅन्सर म्हणालो, गोळ्यांनी कातडी जाते म्हणालो. तिनं ना हळहळ केली ना देवाचं नाव घेतलं. तिनं विचारलं, "गोळ्या सोडल्या तर येतो का अंगठा मागारी?"

"येतो म्हणतात."

"मंग सोडू नको. आमचं काय, आमी उद्या येऊ. न्हाई तर परवा येऊ."

एवढं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. तरी मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्यांच्यावरही वरून तगादा होता. म्हणाले, "भाऊ, महिनाअखेरपर्यंत हयाती झाल्याच पाहिजेत. तोवर तुमचा अंगठा सुरू झाला तर ठीक. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या नावानं आयडी काढावा लागंल." दुसऱ्याच्या नावानं आयडी निघाला की तो परत माझ्या नावावर होणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. डॉक्टरांना फोन करावा असं एकदा वाटलं. पण ते गोळ्याच बंद करून सलाइन लावतील आणि मग नोकरी गेलीच, असा हिशेब मी मनाशीच करून बसलो.

पाचवा फेरा मी घेतलाच नाही. सकाळच्या तीन गोळ्या घरून कागदात घेऊन निघायचो आणि केंद्रात आल्यावर खणातल्या पिनांच्या डब्यात टाकायचो. संध्याकाळच्या तीन खिशात राहायच्या, त्या दुसऱ्या दिवशी. बायको रोज विचारायची, घेतल्या का? मी म्हणायचो, घेतल्या. दोन आठवड्यांनी ताक देताना माझा हात बघून ती म्हणाली, "आता लई बरे दिसायलेत हात. देवानं ऐकलं." तिचा चेहरा इतका उजळला होता की मी मान खाली घालून ताक पिऊन टाकलं.

पुढच्या आठवड्यात हिरवा दिवा लागला. मी चार दिवसांत अख्ख्या गावाच्या हयाती केल्या, जेवायलाही उठलो नाही. आजीचा अंगठा अर्थातच उठला नाही. मग मी तिचा कागदी फॉर्म भरला, फोटो लावला, ग्रामसेवकांची सही-शिक्का घेतला आणि तालुक्याला स्वतः नेऊन दिला. ही सोय आदल्या वर्षीही होती. मला कंटाळा आला होता, बाकी काही नाही.

सहाव्या फेऱ्याच्या आधी डॉक्टरांना हात दाखवले आणि भीत भीत कामाची अडचण सांगितली. पाचव्या फेऱ्याचं बोललो नाही. ते म्हणाले, आधी का नाही सांगितलं, आणि एक-एक गोळी कमी केली. उरलेले तिन्ही फेरे मी प्रामाणिकपणे घेतले. अंगठा कधी उठायचा, कधी नाही, पण एखादं बोट रोज चालून जायचं. नोकरी राहिली.

दिवाळी झाल्यावर तपासणीत यकृतावर डाग दिसले. तेव्हा मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. बायकोला आधी बाहेर पाठवलं. ते म्हणाले, "त्यामुळंच झालं असं कुणी म्हणू शकत नाही." मी म्हणालो, "आणि गोळ्या घेतल्या असत्या तर झालं नसतं, असं?" ते म्हणाले, "तेही कुणी म्हणू शकत नाही." भला माणूस. पण मी रोज सकाळी गाडी सुरू करताना दोन्ही म्हणतो. आधी एक, मग दुसरं.

आता त्या गोळ्या बंद झाल्या. त्यांचा उपयोग राहिलेला नाही. दर पंधरा दिवसांनी बार्शीला सलाइन लावतात. शुक्रवारी जातो, रविवार उलट्यांत जातो, सोमवारी दहाला केंद्र उघडतो. आजार आता गावाला ठाऊक आहे आणि तरीही कुणी माझी खुर्ची मागितलेली नाही. मी ज्याला भ्यालो ते झालंच नाही. याचा मला आनंद व्हायला हवा, पण रडू येतं. हातांना नवी कातडी आली आहे. रेषा अशा ठसठशीत उमटल्या आहेत की मशीन पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा देतं. रोज सकाळी तो दिवा लागतो आणि गोळ्या थांबल्याची खूण मला पटते.

परवा हयातीला आजी आली. मागच्यापेक्षा वाकली आहे. दारातूनच म्हणाली, "उठला का रे तुजा अंगठा?"

"उठला, आजी."

"दाव बरं."

मी अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. आजीनं ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरगं दुरुस्त झालं बगा." ओसरीवरच्यांनी माना खाली घातल्या. मग ती माझ्या टेबलाशी वाकून हळू म्हणाली, "गोळ्या सोडल्या न्हाईस ना मदीच?"

"न्हाई, आजी," मी म्हणालो आणि तिचा कागदी फॉर्म काढायला खण उघडला. पिनांचा डबा पुढंच होता. त्यात त्या गोळ्या अजून आहेत.