ओठ न हलवता

ती वाचायला लागली की तिचे ओठ हलायचे. आवाज अगदी बारीक, पण शब्द न् शब्द. नोटीस असो, साबणाचं वेष्टण असो, नाहीतर संगणकाच्या पडद्यावरची लांबलचक इंग्रजी ओळ असो, तोंडातून गेल्याशिवाय ती तिच्या डोक्यात शिरायची नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल आणि तुम्ही त्याला हसलाही असाल. आम्हीही हसायचो.

पिरंगुटजवळच्या आमच्या कॉलेजात ती संगणकाच्या लॅबची सहायक होती. मशीन चालू करायची, बंद करायची, हजेरीची वही सांभाळायची, एवढंच तिचं कागदावरचं काम. पण क्लाउडच्या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटची तयारी आमच्याकडून खरं तर तिनंच करून घेतली. सर स्लाइड दाखवून निघून गेले की ताई सुरू व्हायच्या. समोर आम्ही त्यांना अहोजाहो करायचो, आठवणीत मात्र ती अगंतुगंचीच आहे.

"कुलूप कुणाचं?" हा तिचा ठरलेला प्रश्न. क्लाउडमध्ये, म्हणजे कंपनीचे संगणक भाड्यानं वापरताना, कुठली जबाबदारी कंपनीची आणि कुठली आपली, हे आम्हाला काही केल्या कळत नव्हतं. ती म्हणाली, "बावधनला खोली भाड्यानं घेतलीस. भित पडली तर कोण बघंल? मालक. आन् दार सताड टाकून गेलीस, चोरी झाली, मंग? कुलूप कुणाचं?"

"आपलं."

"मंग लिव्ह तसं."

माहितीच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी का ठेवायच्या, याचंही तिच्याकडे आसपासच्या गावांतलं उत्तर होतं. "माल्याची लाइट गेली तरी उरवड्याची राहती. का? फीडर येगळा हाय, तारंची लाइनच दुसरी." सरावाच्या प्रश्नपत्रिकेत बरोबर उत्तरावर खूण करून आम्ही खूश व्हायचो, तर ती उरलेल्या तिन्ही उत्तरांवर एकेक बोट ठेवायची. "ह्ये का न्हाई? आन् ह्ये?" ते सांगता आलं नाही, तर बरोबर आलेलं उत्तरही ती धरायची नाही.

माझ्या आधीच्या दोन तुकड्या अशाच पास झाल्या. मी मात्र तारीख पुढे ढकलत होते. मी जन्माची भित्री.

मग एक दिवस नोटीस लागली. लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी मार्चअखेर हेच सर्टिफिकेट दाखवावं, नाहीतर पुढच्या वर्षीचा करार होणार नाही. ती ओठ हलवत नोटीस वाचत होती आणि मधेच तिचे ओठ थांबले. तिला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अभ्यासाची तिला भीती नव्हती. पण बावधनच्या परीक्षा केंद्रावर मार्चची एकही तारीख उरली नव्हती. परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर द्यावी लागणार होती. त्याचे नियम कडक. खोलीत दुसरं कुणी नको, बाहेरून कुणाचा आवाज नको आणि ओठ हलवायचे नाहीत. ओठ हलले की बोलल्यासारखं धरतात आणि परीक्षा बंद करतात.

"म्हंजी माझं तोंडच नापास," ती म्हणाली आणि हसली.

ही सवय कुठून आली, तेही तिनं सांगितलं. तिच्या आईला वाचता येत नव्हतं. ही शाळेत जायला लागली तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक कागद आई हिच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "मोठ्यानं वाच." लग्नपत्रिका, खताची गोणी, औषधाची बाटली, सगळं मोठ्यानं. मनातल्या मनात वाचायची चैन त्या घरात कुणी केलीच नव्हती.

मग दुपारच्या सुट्टीत आमची शिकवणी उलटी सुरू झाली. ती प्रश्न वाचणार, मी समोर बसून तिच्या ओठांवर नजर ठेवणार आणि ओठ हलला की टेबलावर टकटक करणार. तिनं दातात लवंग धरून पाहिली, तर तोंडात काही ठेवणंही नियमात बसेना. शेवटी तिला पायाचा अंगठा सापडला. प्रत्येक शब्दाला टेबलाखाली अंगठा हलवायचा. "क्यामेऱ्याला पाय कुटं दिसत्यात?" ती म्हणाली. आठ दिवसांत ओठ खरंच थांबले.

परीक्षेच्या सकाळी मी माल्याला तिच्या घरी गेले. तिच्या आईला दीड तास शेजारच्या ओसरीवर धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. म्हातारीला आता कमी ऐकू यायचं, नीट दिसतही नव्हतं. दार लावताना ताई मला म्हणाली, "लई भ्या वाटतंय गं." मला तिच्याहून जास्त वाटत होतं, पण मी मान हलवली.

तासभर सगळं सुरळीत गेलं. म्हातारीनं चहा घेतला, माझं गाव विचारलं, लग्न विचारलं. मग विचारलं, "ही काय करतीया आत?"

"परीक्षा आहे, आजी. वाचतायत."

माझंच चुकलं. म्हातारीनं कान टवकारले. वाचतेय आणि आवाज नाही, हे तिच्या हिशेबात बसेना. पोरीला काही झालं की काय, असं वाटून तिचा चेहरा उतरला. मी कप ठेवायला वळले तेवढ्यात ती काठी टेकत थेट त्या दाराशी पोचली. मी धावले, पण हाक मारायची हिंमत झाली नाही, कारण माझा आवाज आत गेला असता. तोंडावर हात दाबून मी नुसती उभी राहिले.

म्हातारीनं दाराला कान लावला. मग घाबरीघुबरी होऊन ओरडली, "अगं ए, वाचतीस न्हवं? मोठ्यानं वाच!"

आणि आतून आवाज आला. खणखणीत, शाळेतल्या पोरीसारखा. इंग्रजी प्रश्नाची एक अख्खी ओळ.

थोड्या वेळानं दार उघडलं. तिच्यामागे पडद्यावर परीक्षा बंद केल्याची इंग्रजी ओळ दिसत होती. ती आईचा हात धरून म्हणाली, "वाचलं गं आये. झालं वाचून." म्हातारी निवांत झाली. मी रडत विचारलं, कितवा प्रश्न होता. "एकसष्टावा," ती म्हणाली. "कुलपाचाच हुता. येत हुतं मला."

करार संपला. लॅबमध्ये नवे सर आले, सर्टिफिकेटवाले. ते कुणाशी बोलत नाहीत. ताई आता उरवड्याच्या एका कारखान्यात मालाची नोंद करते. परत बसणार का, असं मी फोनवर विचारलं की म्हणायची, "आधी तुजं हू दे."

गेल्या महिन्यात मी बावधनच्या केंद्रावर परीक्षेला बसले. प्रत्येक शब्दाला टेबलाखाली तिच्यासारखा अंगठा हलवत राहिले. बाहेर आल्यावर निकालाचा कागद हातात होता आणि तो उघडायची छाती होईना. मी तिला फोन लावला.

"ताई, निकाल आलाय. मला भीती वाटतेय."

कारखान्याच्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती. त्यातून ती म्हणाली, "मोठ्यानं वाच."

मी भर रस्त्यात, लोक बघत असताना, पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तिकडून एक शब्द नाही. पण तिचे ओठ माझ्याबरोबर हलत असणार, हे मला पक्कं माहीत होतं.