नऊ व्होल्टचा वारा

गेल्या रविवारी रत्नागिरीजवळ पावसला तात्यांच्या अढीच्या खोलीत पंखे बसवायला गेलो आणि अख्खा दिवस अडॅप्टरच्या मागे गेला...

तात्या म्हणजे माझ्या एका मैत्रिणीचे वडील. ती कोण ते इथे लिहीत नाही, कारण हल्ली तात्याही मोबाइलवर सगळं वाचतात. तिने "येशील का?" एवढाच मेसेज केला आणि मी बाइकला किक मारली.

घरामागच्या खोलीत ते पेंढ्यात आंबे पिकत घालतात, तीच अढी. यंदा खोलीवर नवे पत्रे टाकले, त्यामुळे आत उष्मा कोंडतो. पहिल्या अढीतले बरेच आंबे देठाकडून काळे पडले. दुसरी ठरलेल्या गिऱ्हाइकांसाठी होती, तीही गेली तर लोकांना तोंड कसं दाखवायचं, हे तात्यांचं टेन्शन.

माझं टेन्शन वेगळं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी मध्येच सोडला, सरांशी भांडून. तेव्हापासून तात्यांच्या लेखी मी म्हणजे 'तो अर्धवट'.

सुक्या पेंढ्याजवळ घरच्या लाइटची वायर तात्यांना नकोच होती. माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेले बारा व्होल्टचे सहा छोटे पंखे होते. प्लायला भोकं पाडून ते खिडकीत बसवले आणि राउटरचा जुना अडॅप्टर घरातल्या प्लगला लावून त्याची बारीक वायर पंख्यांना जोडली.

पंखे जरा हलले, थांबले, परत हलले... अडॅप्टर चटका बसेल इतका तापला. घरी एकेक पंखा चालवून बघितला होता, सहा एकत्र नाही. प्रत्येकाला पाव अँपिअर, म्हणजे सहांना दीड, आणि अडॅप्टर एकचा. शाळेतली बेरीज.

"हे कॉलेजात पुढच्या वर्षी शिकवणार होते काय रे?" तात्यांनी शांतपणे विचारलं.

डोकं सटकलं. पण ती त्यांच्या मागे उभी राहून डोळ्यांनी गप्प बस सांगत होती, म्हणून बाइककडे वळलो. तडक रत्नागिरीत आलो. दुकानदार म्हणाला, बारा व्होल्ट, दोन अँपिअर भरपूर झाला. मी रागात पाचचा घेतला. (जास्त अँपिअरने बिघडत काही नाही हां, पंखा लागेल तेवढंच घेतो. जपायचे ते व्होल्ट.)

जोडला, तर सहाही पंखे असे घोंघावले की पेंढ्याच्या काड्या उडायला लागल्या. आता बोला, म्हणून मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी पेंढ्यात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला...

"अढी गार पडली. आंबा पिकवायचाय मेल्या, वाळवायचा नाय."

अढीला ऊब लागते. फार वारा लागला तर साल सुरकुतते आणि आंबा आत आंबटच राहतो. कोंडलेलं तेवढं बाहेर जायला हवं, बस. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला लागू नये... पण मला त्या दिवशी फक्त जोर दाखवायचा होता.

खरं सांगतो, पंखे उपटून निघणारच होतो. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला पण होता. तेवढ्यात ती जवळ आली आणि हळूच विचारलं, "हे जरा सावकाश नाही का फिरणार?"

फिरतील की! व्होल्ट थोडे कमी दिले की हेच पंखे सावकाश फिरतात. मला माहीत होतं, रागात सुचलं नव्हतं.

परत रत्नागिरी. दुकानदाराने विचारलं, पेट्रोल फुकट मिळतं का तुला. या वेळी पंखे सोबत नेले होते... नऊ व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर घेऊन सहाही त्याच्या काउंटरवर एकदम चालवून बघितले. मग निघालो.

खिडकीत लावले तेव्हा आवाजच नाही. तात्यांनी पंख्यासमोर गाल धरला, "हूं" म्हणाले आणि चहा सांगितला. त्या 'हूं'चा अर्थ लावण्यात माझा पुढचा आठवडा गेला.

आज फोन आला. तिचा नाही, तात्यांचा. अढी उघडतोय, ये म्हणाले.

त्यांच्याकडे अढीतला पहिला आंबा घरचं माणूसच काढतं, बाहेरच्याला हात लावू देत नाहीत. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. तात्यांनी वरचा पेंढा बाजूला केला आणि मागे वळून बघितलं.

"उभा काय ऱ्हायलास? काढ."

काढला. पिवळाधमक, देठाशी अगदी स्वच्छ. ती कोपऱ्यात बसून पेटीला कागद लावत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले होते...

तो आंबा तात्यांनी मलाच दिला. घरी येऊन तासभर झाला, समोर ठेवून बसलोय. आई दोनदा विचारून गेली, कापू का... म्हटलं, आज राहू दे.