आमळपाड्याच्या देवळाला चुना

बन्सीलालचा स्टुडिओ नंदुरबारच्या मिरची बाजाराला लागून होता, आणि ऐन फोटो काढताना गिऱ्हाईक हमखास शिंकायचं. माणसांच्या फोटोंचा त्याला पार वीट आला होता. सवड मिळाली की कॅमेरा आणि त्याची तिवई सायकलला बांधून तो पडक्या गढ्या, ओसाड बारवा धुंडाळत फिरायचा. दगड शिंकत नाही, मान हलवत नाही, असं तो म्हणायचा. पण दगडापाशीही माणसं यायचीच. काळ्या फडक्यात डोकं घातलं, की टोपी नीट करून कुणीतरी समोर उभं! "सरका ना भो!" म्हणून म्हणून त्याचा घसा बसायचा.

सन पासष्टच्या सुमारास खाली तापीवर धरणाचं काम निघालं आणि आमळपाडा पाण्यात जाणार हे ठरलं. तिथलं महादेवाचं जुनं देऊळ म्हणजे बन्सीलालचा जीव की प्राण. चौकटीवर वीतभर उंचीच्या नर्तकी होत्या. सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्यांच्या पैंजणांचा मणी न् मणी दिसायचा. पाणी चढण्याआधी त्यांचा एक फोटो साधायचा, एवढाच त्याला ध्यास होता. शहाणपणा करून त्यानं आधीच निरोप धाडला: मंगळवारी फोटो काढायला येतो, दारातली झुडपं तेवढी तोडून ठेवा.

मंगळवारी जाऊन बघतो, तर देऊळ पांढरंफेक! सारं गाव दोन दिवस खपलं होतं. पायथ्यापासून कळसापर्यंत चुना, नर्तकींच्या ओठांना गेरू, आणि लग्नातले कपडे घालून लहानथोर पायऱ्यांवर हजर.

बन्सीलालनं कपाळावर हात मारून घेतला. "काय करी ठेवं हाई?"

"देवले काय मैला आंगे फोटोले बसाडतस?" म्हातारी धनुबाई म्हणाली. नवं लुगडं नेसून ती अगदी दाराशी बसली होती. "आते गाव उठी. देवना संगे मन्हा एक फोटो काढी ले, बन्सीभाऊ."

त्याच्या डोक्यात संतापानं नुसता जाळ झाला होता. "आते नही, माय! सरक बाजूले. पाऊस पडू दे, चुना धुवाई जाऊ दे, मंग येसू मी. आनि तव्हय आडवा कोनी उभा ऱ्हावाना नही!"

सगळे मुकाट उठले. धनुबाईला उठायला जरा वेळ लागला, त्याचाही त्याला राग आला.

दिवाळीनंतर तो गेला. पावसानं चुना धुऊन नेला होता. गाव उठलं होतं. घरांची लाकडं, कौलं सगळं नेलेलं. आडवं यायला कुत्रंसुद्धा नव्हतं. ऊन हवं तसं पडलं. जन्मात निघाला नव्हता असा फोटो निघाला.

तो मोठा करून, ऐटीत तो नव्या गावठाणात घेऊन गेला. तुमचं देऊळ खरं कसं होतं ते बघा म्हणावं एकदा! धनुबाईचा मुलगा सुकलाल पत्र्याच्या खोपीबाहेर बसला होता. डोकं भादरलेलं होतं, केस नुकते कुठे उगवू लागले होते. त्यानं फोटो घेतला, उन्हात धरला, जवळ नेला, पुन्हा लांब धरला. नर्तकींवरून त्याची नजर भराभर सरकत होती.

"मन्ही मायना फोटो शे ना त्यामा?" त्यानं विचारलं. "तू काढनार व्हता, म्हने ती."

"नही," बन्सीलाल म्हणाला. "मीच तिले बाजूले सरक सांगं व्हतं."