ड्रमातलं पाणी

वर्ध्याकडच्या वडनेरच्या माझ्या मित्राने मुलगी थेट मालवणाकडे दिली, तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. समुद्र आता नात्यात आला होता. त्यात तिच्या सासऱ्यांकडे, म्हणजे मित्राच्या इवायाकडे, त्यांच्या वडिलांच्या वेळची शिडाची लाकडी होडी. बाकी गावाने इंजिनं बसवली. हे म्हणाले, आहे तोवर वाऱ्यावर चालवू. लग्नानंतर मित्र पहिल्यांदा पोरीकडे निघाला, तेव्हा मी आणि रोहणा गावचा आमचा एक दोस्त आपणहून सोबत झालो. बोलावलं कोणी नव्हतं. गाडीत मित्र एवढंच म्हणाला, "पोरीच्या घरी चाललो बाप्पा. आपल्यावरून तिले तोलतीन ते. नीट राहजो."

मी म्हणालो, मी काय लहान आहे का. पन्नाशी उलटल्यापासून हे वाक्य मी बरेचदा म्हणतो आणि दर वेळी ते खोटं निघतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इवायांनी आम्हाला होडीत घेतलं. किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं, एका खाडीच्या तोंडाशी जेवायचं, दिवस मावळायच्या आत परत. शीड फुगलं तसा मीही फुगलो. म्हशीची शेपटी धरून नदी ओलांडलेला माणूस मी, तेवढ्या भांडवलावर समुद्राविषयी बोलत सुटलो. इवाई सुकाणूपाशी बसून नुसतं हो हो करत होते.

जेवणात विहीणबाईंचे तळलेले मासे होते आणि आम्ही वर्ध्याहून नेलेली कोथिंबिरीची सांबारवडी. ती चांगलीच तिखट होती. परत फिरलो आणि वारा पडला. शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लटकलं. येईल वारा, म्हणत इवाई त्याच्या सावलीत आडवे झाले.

ऊन चटकायला लागलं. आता उन्हाच्या बाबतीत आम्हाला कोणी शिकवू नये. वर्ध्याचा माणूस उन्हाचं काय करतो? दुपट्टा भिजवून डोक्याला गुंडाळतो, अंगणात पाणी मारतो, कूलरच्या ताट्या ओल्या करतो. मी कामाला लागलो. होडीच्या मागच्या टोकाला निळा ड्रम होता, वर प्लास्टिकचा मग होता. तिघांचे दुपट्टे चिंब केले. फळ्या तापल्या होत्या, त्यांच्यावर पाणी मारलं. पायाला गार लागलं तसं आणखी मारलं. स्वतःच्या डोक्यावरून ओतून घेतलं. झोपलेल्या इवायांना बरं वाटावं म्हणून त्यांच्या आजूबाजूलाही शिंपडलं. रोहण्याचा दोस्त म्हणाला, मस्त केलं बे.

चारी बाजूंनी समुद्र होता. हात खाली सोडला असता तर बुडला असता. पण माझ्या डोक्यात पाणी म्हणजे ड्रमात भरून ठेवलेलं असतं ते. नळ येतो, आपण ड्रम भरतो, लागेल तसं त्यातून काढतो. बाहेर पसरलेला तो नुसता देखावा होता.

इवाई उठले ते पाणी प्यायला. ड्रममध्ये डोकावले, मग ओल्या फळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. तळाला उरलेलं तांब्यात काढून आम्हा तिघांना थोडं थोडं दिलं. मित्राने तांब्या त्यांच्यापुढे धरला, तर म्हणाले, "मला सवय आहे." आणि वल्ही काढून बसले. एक वल्हं मित्राने घेतलं. मी घेतलं तेव्हा होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली, म्हणून मला बसवून ठेवण्यात आलं. वल्हवता वल्हवता त्यांचे ओठ पांढरे पडत गेले. माझ्या डोक्यावरचा दुपट्टा मात्र अजून गार होता. तो काढावा असं वाटत होतं, आणि काढायचीही लाज वाटत होती.

घरी पोचल्यावर ते अंगणात उभ्यानेच तांब्यावर तांब्या प्यायले. ड्रम भरून दिला होता ना, असं विहीणबाईंनी विचारलं. ते म्हणाले, वारा पडला, उशीर झाला, संपलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. विषय मिटला होता.

मी तो मिटू दिला नाही. लाज वाटली की मी तिचा किस्सा करतो. लोक हसले की ती सगळ्यांत वाटली जाते, असा माझा समज. जेवायला शेजारचे एक गृहस्थही होते. मग काय, मी सगळं हातवाऱ्यांसकट सांगितलं, ड्रमात मग कसा बुडवला, इवायांवर कसं शिंपडलं. विहीणबाई पोट धरून हसल्या. शेजारी म्हणाले, "म्हणजे सूनबाईच्या माहेरी समुद्रसुद्धा ड्रमात भरून ठेवत असतील." पुन्हा हशा. मग विहीणबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "तरीच गं, हौदातलं पाणी उपसून तू अंगणभर मारत असतेस. खानदानीच आहे म्हणायचं."

हसतच म्हणाल्या. पण हे आता या घरात रोज निघणार, हे मला त्यांच्या हसण्यावरूनच कळलं. मित्र मान खाली घालून ताटात बघत होता. इवायांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी एवढं झाकलं होतं ते तुम्ही उघडलंत, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

पोरगी भात वाढायला माझ्यासमोर वाकली. लहानपणी माझ्या मांडीवर बसून माझ्या असल्याच फजित्या ऐकून खिदळायची. आता कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "काका, तुमी उद्या चालले जासान. मले इथंच राहाचं आहे."

आणि पुढच्या ताटाकडे गेली. शेजारी म्हणाले, अजून एखादा किस्सा होऊन जाऊ द्या. मी नुसता भात कालवत राहिलो.