सुतळीभाऊ

सुतळीभाऊंनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही आणि मुख्य म्हणजे "कसं झालं हो हे?" असंही विचारलं नाही. चाकांच्या खुर्चीत बसलेली बाई दिसली की लोकांना आधी हेच विचारायचं असतं, आणि मग चुकचुकायचं असतं. हा सत्तरीतला माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला, माझ्या खांद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हात कुठलोक पुरते तुमचा?" मी शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. माझ्याशी असं कोणी बोलत नसे. "कशाला पाहिजे?" मी फटकारलंच. "वाफा करा लागते नं," ते म्हणाले आणि खिशातून सुतळीचा गुंडा काढला.

अमरावतीत आमच्या कॉलनीमागं एक मोकळी जागा होती. तिथं कॉलनीवाल्यांनी सगळ्यांची मिळून एक बाग सुरू केली. घरटी एक वाफा, बियाणं आणि पाणी समितीचं, मेहनत ज्याची त्याची. मग कोणाच्या तरी मनात आलं की ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, त्यांनाही सामावून घ्यावं. लगेच फाटकावर पाटी लागली, 'दिव्यांगांचे स्वागत असो'. पाटी अशी झोकदार, आणि तिच्याखाली फाटकात वीतभर उंच उंबरठा! मी दोन दिवस त्या उंबरठ्याबाहेरून स्वागत पाहून परत आले. तिसऱ्या दिवशी वलगावहून सुतळीभाऊंना माळी म्हणून आणलं, आणि त्यांनी आल्या आल्या सब्बल मागितली, उंबरठा फोडला आणि तिथं उतार करून दिला.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकवणारं. समितीनं मोबाइलवरचं चित्र पाहून आमच्यासाठी उंच वाफे बांधले होते. दिसायला छान, पण खुर्ची आडवी लावावी लागे आणि मधल्या रोपापर्यंत बोटसुद्धा पोचत नसे. सुतळीभाऊंनी ते पाडायला लावले. मी त्यांना टेप देऊ केला तर म्हणाले, "टेपले काय माईत तुमचा खांदा दुखते का?" सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, हात लांब करायला सांगितला, आणि जिथं मला ओढ बसायला लागली त्याच्या चार बोटं अलीकडे गाठ मारली. "वाफा जागेच्या हिशोबानं नसते मॅडम, हाताच्या हिशोबानं असते." मग विटांच्या खांबांवर फरशी, फरशीवर माती, खाली माझे गुडघे जातील एवढी पोकळी. अपघातानंतरच्या आठ वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या वस्तूसमोर सरळ बसले होते.

ते चुकतही, आणि चुकले की स्वतःवरच मनसोक्त हसत. आमच्यात देवराव म्हणून एक गृहस्थ होते, दृष्टी पूर्ण गेलेले. सुतळीभाऊंनी मोठ्या कौतुकानं त्यांचा वाफा पुदिना, तुळस, मोगरा यांनी भरून दिला. देवरावांनी पानं चुरगळून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अहो, हे काय? मले वांगे पाह्यजेत. भरीत खायचं हाय!" सुतळीभाऊ कपाळावर हात मारून खाली बसले. "पाहा बाप्पा, मले वाटलं याईले दिसत नाई त वासच पाह्यजे!" दुसऱ्याच दिवशी काटेरी वांग्याची रोपं आली. रोप कुठं आहे ते कळावं म्हणून वाफ्यावरून गाठीगाठीची सुतळी ताणली. त्या वांग्यांचं भरीत मी खाल्लेलं आहे. झणझणीत होतं.

त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. मी सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला होता. टुकीनं उगवला, आणि आठवड्याभरात पिवळा पडून मान टाकायला लागला. मला वाटलं, आपल्या हाताला यशच नाही. सुतळीभाऊंनी एक जुडगा उपटून मला दाखवला. "मुया सडल्या. पानी कितीदा देता?" मी म्हटलं, एकदाच. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन नुसते बसून राहिले. तेव्हा कळलं की कॉलनीतली चार माणसं येता-जाता माझ्या वाफ्याला पाणी घालत होती. बिचाऱ्या बाईला कुठं पाइप ओढता येणार, म्हणून! एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. आणि आमची काळी माती वरून भेगाळलेली दिसली तरी आत पाणी धरून बसते.

"काहून हात लावला त्याईच्या वाफ्याले?" सुतळीभाऊ समितीच्या सेक्रेटरींवर ओरडले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, दया म्हणून." "मंग तुमच्या वाफ्यात करा दया. त्याईचा सांभार मराचा असन त त्याईच्या हातानं मरन." सेक्रेटरी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मी पुन्हा पेरलं. या खेपेला उगवला तो माझा होता. पहिली जुडी मी सुतळीभाऊंना दिली, तर त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बारीक हाय." मी घरी येऊन दार लावलं आणि पोटभर रडले. अपघातानंतर मला कोणी असं खरं बोललं नव्हतं, शाबासकीच देत होते सगळे, पाणी प्यायले तरी शाबासकी!

दुपारी बाराला ते लिंबाखाली जात, आमच्याकडे पाठ करून बसत आणि डबा उघडत. भाकर आणि ठेचा, कधी नुसती चटणी. आम्ही कोणी तिकडे जात नसू आणि ते कोणाला बोलावत नसत. बायको वारल्याचं मला समितीच्या वहीतून कळलं. मुलगा अकोल्याला असतो, एवढं एकदा ओझरतं ऐकलं होतं. ऊन उतरलं की सुतळीचा गुंडा खिशात घालून ते "चालतो" म्हणत आणि वलगावची काळीपिवळी जीप पकडत. सहा वर्षं हा माणूस माझ्यापासून दहा हातांवर रोज जेवला आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही की भाकर कोण करून देतं. आता याची लाज वाटते.

आणि मग एका सोमवारी ते आले नाहीत. लकवा मारला होता, उजवी बाजू. कॉलनीतले चौघे मोटरसायकलींवर जाऊन भेटून आले. मला आल्यावर सांगितलं, "तुम्हाला कशाला त्रास, म्हणून विचारलं नाही." घरात येऊन भिंतीशी भांडले. शेवटी रविवारी माझे नेहमीचे ऑटोवाले सलीमभाई यांना घेऊन मी एकटीच वलगावला गेले.

रस्त्याला लागूनच घर. पण ओटा चांगला कमरेइतका उंच, आणि चढायला तीन पायऱ्या, दगडी, उभ्या. ओट्यावर खाटेवर सुतळीभाऊ पडलेले. मी खाली रस्त्यावर, ते वर. त्यांना उतरता येत नव्हतं आणि मला चढता येत नव्हतं. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, मी उचलून घेऊ का?" मी कोणाला उचलू देत नाही, हे सुतळीभाऊंना ठाऊक होतं. ते तिरक्या ओठांनी कसेबसे ओरडले, "नोको! हात नोको लावू त्याईले."

मग आम्ही तसेच बोललो. मधून ट्रॅक्टर जात होते, शेळ्या जात होत्या, माणसं थांबून बघत होती. त्यांचं बोलणं जड झालेलं, अर्धं मला कळत नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "भाऊ, साऱ्यांना उतार करून दिला, स्वतःच्या घराला नाही केला?" मला थट्टा करायची होती. ते पायऱ्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "कोन येनार होतं माह्या घरी?"

"पुढच्या रविवारी येते," एवढंच म्हणून मी ऑटोत बसले. त्यांनी डावा हात वर केला.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही, आणि तिसऱ्याही नाही. पहिल्यांदा सलीमभाईंच्या ऑटोचं काम निघालं होतं, ते खरं. बाकीचं खरं नाही. भर रस्त्यात लोकांच्या नजरा झेलत, मान वर करून त्या माणसाशी ओरडून बोलायचं मला नको वाटत होतं. आपली लाज मला त्यांच्यापेक्षा मोठी झाली होती. चौथ्या आठवड्यात समितीकडे फोन आला की मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला होता आणि तिथंच ते गेले.

त्यानंतर मी गेले. काय करायला गेले, ते आजही सांगता येणार नाही. ऑटो थांबला आणि सलीमभाई म्हणाले, "मॅडम, घर तेच आहे ना?" तीन पायऱ्या तिथं नव्हत्या. त्यांच्या जागी भिंतीच्या कडेकडेनं लांबलचक उतार होता, ताज्या सिमेंटचा, कडेला बोटभर कठडा, वर खुर्ची वळेल एवढी जागा. सलीमभाईंना मी ऑटोपाशीच थांबायला सांगितलं आणि चाकांना हात घातला. कुठं खांदा भरून आला नाही, कुठं खुर्ची मागं सरकली नाही. माझ्या ताकदीचा अंदाज त्या माणसाइतका मलाही नव्हता.

वर खाट नव्हती. दाराला कुलूप होतं. शेजारच्या घरातून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मला न्याहाळून म्हणाल्या, "तुमीच का जी त्या गाडीवाल्या मॅडम? बुढ्यानं खाटेवरून गवंड्याले सांगू सांगू करून घेतलं हे. सुकलं तवापासून रोज इचारे मले, कोनी आलं का वं रस्त्यानं. लेक न्याले आला त म्हने, रविवारपर्यंत थांब."

"पाणी देऊ का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्या आत गेल्या आणि मी त्या ओट्यावर कुलपासमोर ऊन उतरेपर्यंत एकटी बसून राहिले.