न तुटणारी गजक

ती केस आठवली की आजही माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. तेव्हा मी उज्जैनच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. संक्रांत तोंडावर आली होती. नानाखेड्याहून स्कूटीवर घरी निघालेल्या कॉलेजच्या मुलीच्या गळ्यावरून चायनीज मांजा फिरला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हा नायलॉनचा मांजा तुटत नाही, माणसाला कापतो. म्हणूनच त्यावर कलेक्टरसाहेबांची बंदी होती. तरी तो आकाशात होता, म्हणजे कुठेतरी विकला जात होता. संक्रांतीला अख्खं शहर गच्चीवर असतं. त्याआधी माल सापडला नाही, तर आणखी कुणाचा तरी जीव जाणार, हे उघड होतं.

टावर चौकातल्या दुकानांची झडती घेतली. सगळीकडे सुती मांजा. "साहब, हम तो भगवान से डरते हैं," असं जो तो म्हणे. इतके देवभीरू लोक मी एका बाजारात कधी पाहिले नव्हते.

मग मी मोबाइल हातात घेतला. त्यावर माझी मजल सकाळी फुलं पाठवण्यापलीकडे गेलेली नव्हती. ठाण्याच्या फेसबुक पानावर आवाहन टाकलं, 'चायनीज मांझा न बेचें, न खरीदें.' सोबत जुन्या जप्तीतल्या चकऱ्यांचा, म्हणजे मांजाच्या फिरक्यांचा, फोटो. थोड्याच वेळात पोस्ट गायब.

आमच्या महिला प्रधान आरक्षक, म्हणजे हेडकॉन्स्टेबल, हसू दाबत म्हणाल्या, "सर, मशीन ने हटा दी. उसके हिसाब से आप मांझा बेच रहे थे."

"और जो सचमुच बेच रहे हैं?"

"वो नाम थोड़े ही लिखते हैं."

खबऱ्यानं पाठवलेली एक पोस्ट त्यांनी दाखवली. 'पक्की गजक. टूटने का सवाल ही नहीं.' गजक म्हणजे आमच्याकडची तिळाची कुरकुरीत मिठाई. ती तुटणारच नसेल, तर खायची कशी?

साध्या वेशातलं गिऱ्हाईक पाठवलं आणि माधव नगरातला एक स्टेशनरीवाला हाती लागला. सभ्य, मृदू बोलणारा माणूस. जवळ चकरी एकच. बाकीचा माल कुठे आहे, ते काही सांगेना. "मैंने मांझा शब्द कहीं लिखा हो तो दिखाइए," एवढंच पालुपद.

दरडावून झालं. शेवटी चहा मागवला. आरोप केला की माणूस गप्प बसतो, सल्ला विचारला की थांबत नाही. हे मी घरी, स्वतःवरूनच शिकलो होतो. माझा फोन त्याच्यापुढे सरकवला.

"भैया, हमारी तो एक पोस्ट नहीं टिकती. कैसे लिखें?"

त्यानं वाचून तोंड वाकडं केलं. "ऐसे कौन लिखता है, साहब? ये शब्द हटाओ. चकरी की नहीं, तिल के लड्डू की फोटो डालो. मेरी तो पूरे सीजन में एक नहीं उड़ी."

"पूरे सीजन का माल रखते कहाँ हो?"

आपण काय कबूल करून बसलो, ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग खाली मान घालून त्यानं दुकानामागच्या गल्लीतल्या एका खोलीचा पत्ता सांगितला. पंचांसमक्ष चकऱ्यांची पोती निघाली.

संध्याकाळी तो जामिनावर घरी गेला. बंदी मोडल्याचं कलमच तेवढं हलकं होतं. त्या मुलीच्या गळ्यातला दोरा त्याच्याकडचाच होता, हे सिद्ध करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. बँकेत नोकरीला, आपला मराठी माणूस. लोकांनी सावध व्हावं म्हणून त्यांनी मुलीचा फोटो टाकून काय घडलं ते लिहिलं होतं. त्यात मांजा होता, गळा होता, रक्त होतं. मशीननं तीही पोस्ट काढून टाकली होती.

"साहेब, पेपरात वाचलं. तो दुकानदार पोस्ट कशी लिहायचा, तेवढं मला शिकवा."

"राहू द्या ना. कशाला त्रास करून घेता?"

"परवा संक्रांत आहे. त्याचं टिकतं, मग माझं का टिकू नये?"

माझ्याच टेबलाशी बसून, आरोपीनं सांगितलेले नियम पाळून आम्ही दोघांनी लिहिलं, 'मेरी बेटी गजक से गई. अपने बच्चों को यह गजक मत दिलाइए.' वर लाडवांचा फोटो. ही पोस्ट मात्र राहिली.

गुन्हा लपवायला माणसं शब्द बदलतात, हे नोकरीनं शिकवलं होतं. दुःख सांगायलाही तेच शब्द उसने घ्यावे लागतात, हे त्या केसनं शिकवलं.

संध्याकाळी ते पुन्हा आले आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पोस्टखाली कुणीतरी विचारलं होतं, 'अंकल, किससे ली थी? नंबर मिलेगा?'

"याला काय उत्तर देऊ, साहेब?"