एसीवरचं लुगडं

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. धूळ नको, घाम नको, डोळ्याला हात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिग्रसजवळच्या आमच्या घरात मे महिन्यात हे जमणार ते फक्त मधल्या खोलीत. शाळेत नोकरी लागल्यावर मी तिथे एसी बसवला होता. त्याच खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस होता. भाव पडलेला. त्या वर्षांत गावात घरोघरी माणसं कापसाला टेकूनच झोपत.

दुपारी एसीतून वारा येईना. दिवा लागलेला, आकडा दिसत होता, बाहेरची मशीन घरघरत होती. झडपेखाली हात धरला तर काहीच नाही. खिडक्यांच्या फटी मीच चिकटपट्टीने बुजवल्या होत्या.

"काहून वं बाई, झोपली का तुही मशीन?" डोळ्यावर पट्टी बांधलेले बाबा खाटेवरून म्हणाले.

"थांबा ना बाबा, पाहून राह्यली."

"पाह्यत बस. मले निंबाखाली नेऊन टाक."

"तिथं धूळ आहे."

"धूळ मले लहानपणापासून वळखते."

रिमोटचे सेल बदलले. मेन स्विच पाडून पुन्हा चढवला. शेवटी आर्णीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आत बर्फ धरला असंल. मशीन वारा वरून ओढते. वर काही ठेवलं का?"

स्टुलावर चढले. एसीवर मायचं जुनं लुगडं, चार घड्या करून नीट पसरलेलं.

"रुई उडून बसते ना त्याच्यावर," माय म्हणाली. "कूलरले नाई का झाकत आपण?"

"कूलर बंद असते तवा झाकतो, माय!"

"मंग हे कधी बंद असते?"

लुगडं काढलं, झाकण उघडलं. जाळीवर कापसाचा जाड थर बसला होता, त्यामागे पांढराशुभ्र बर्फ. मेकॅनिकने सांगितलं, बंद ठेवा, खरवडू नका, दोन तास वितळू द्या.

ते दोन तास सरता सरेनात. दार उघडावं तर धूळ, लावावं तर कापसाची ऊब. घाम पट्टीखाली उतरू नये म्हणून मी बाबांचं कपाळ टिपत होते, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होते. दहावीच्या वर्षी बाबा मला याच खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचे. वेचणीला, भाकरीला कुणी हाक मारू नये म्हणून. माझी पदवी त्या कडीमुळे आहे. हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्या दुपारी बोलले.

बाबा म्हणाले, "त्याचा वचपा काढून राह्यली का आता?"

जाळी धुतली, पुसून वाळवली, बसवली. एसी सुरू केला. वारा आला.

"आला?"

"आला, बाबा."

"म्हणजे निंबाखाली नाई."

"अजून दहा दिवस."

ते भिंतीकडे वळले. मी बाहेर येऊन दार ओढलं. कडी लावायचं काही कारण नव्हतं, तरी हात तिच्यावर राहिला.

आतून आवाज आला, "लाव वं. नाई तं येतो मी बाहेर."

मी कडी लावली.